साहित्य आणि कृती : लेन डेटन यांची पाकपुस्तके आणि हेरकथा

मित्रहो,

पाककृतींचे कोणतेही मराठी पुस्तक उघडा, प्रत्येक पदार्थाच्या नावाखाली दोन मथळे हमखास दिसतात. पहिला ‘साहित्य’ आणि दुसरा ‘कृती’. दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर, अर्धी वाटी तूप, वेलदोड्याची पूड हे साहित्य; आणि रवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजून घ्यावा, येथून सुरू होते ती कृती. आपल्या भाषेने वाङ्मयालाही साहित्यच म्हटले आहे आणि लेखकाच्या पुस्तकालाही कृतीच म्हटले आहे. हा योगायोग लहानपणापासून माझ्या कानांवर होता, परंतु त्यात शब्दांपलीकडे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. तसे वाटायला लावले ते लेन डेटन या इंग्रज लेखकाने, ज्यांनी घरच्या स्वयंपाकावर मन लावून पुस्तके लिहिली आणि विसाव्या शतकातल्या उत्तम म्हणाव्यात अशा हेरकथाही लिहिल्या.

आहारावर लिहिणे आणि रहस्यकथा लिहिणे या दोन गोष्टी वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आहेत. पाककृती लिहिणाऱ्याने काहीही लपवायचे नसते. हळद केव्हा घालायची हे त्याने सांगितले नाही, तर वाचणाऱ्याची भाजी बिघडते आणि ते पुस्तक पुन्हा उघडले जात नाही. रहस्यकथेत लपवणे हेच मुख्य काम; पहिल्याच पानावर सर्व सांगून टाकणाऱ्याची कथा दुसऱ्या पानापर्यंत पोचत नाही. मग एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी इतक्या चांगल्या कशा साधल्या? गेली अनेक वर्षे या प्रश्नाने मला धरून ठेवले आहे, आणि त्याचे मला सापडलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. डेटन यांच्या दोन्ही प्रकारच्या लेखनात ‘कसे’ ते अगदी बारकाईने सांगितलेले असते आणि ‘का’ ते राखून ठेवलेले असते. या एकाच सवयीतून त्यांची पाककृती नेमकी होते आणि त्यांची हेरकथा उत्कंठा वाढवते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डेटन यांच्या पाकपुस्तकांना आजच्या अर्थाने आरोग्यदायी आहाराची पुस्तके म्हणता येणार नाही. त्यांत उष्मांकांचे कोष्टक मांडून पथ्य सांगितलेले नाही, फ्रेंच वळणाचे लोणी त्यांत सढळ आहे, आणि हृदयविकाराच्या रुग्णाने ती डोळे मिटून वापरावीत असे मी कधीही म्हणणार नाही. तरीही आहाराच्या चर्चेत त्यांचे नाव घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेल्या पुरुषाला त्यांनी शेगडीपुढे उभे केले. ज्याला स्वतः रांधता येते त्याला मीठ किती, तेल किती, भाजी ताजी की शिळी हे ठरवता येते. ज्याला येत नाही त्याला डब्यातले किंवा दुकानातले येईल ते खावे लागते. मधुमेहाचे निदान झाल्यावर हातात आहाराचा तक्ता घेऊन हतबल बसलेले पुरुष मी माझ्याच वयाच्या मित्रांमध्ये पाहिले आहेत. तक्ता त्यांना समजत होता. त्यातले एकही वाक्य हाताने करता येत नव्हते.

डेटन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९२९ चा, लंडनमधल्या मॅरिलबोन भागातला. नेहमीच्या रुग्णालयात जागा नसल्यामुळे त्यांच्या आईचे बाळंतपण वर्कहाउसच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याच्या जागेच्या, दवाखान्यात झाले. वडील मोटार चालवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करीत. ब्रिटिश म्यूझियमच्या मुद्राचित्रांच्या विभागाचे प्रमुख राहिलेल्या कॅम्पबेल डॉजसन यांच्याकडे ते नोकरीला होते. आई लोकांच्या घरी स्वयंपाकाला जात असे. बेकर स्ट्रीटजवळच्या ग्लॉस्टर प्लेस म्यूज या गल्लीत हे कुटुंब राहत होते. म्यूज म्हणजे मोठ्या घरांच्या मागच्या बाजूला पूर्वी घोडे आणि गाड्या ठेवण्यासाठी बांधलेली गल्ली. पुढच्या दाराने येणाऱ्यांचे जग वेगळे आणि मागच्या दाराने येणाऱ्यांचे वेगळे. डेटन यांनी मोठ्या घरांचे जग मागच्या दारातून, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले, आणि त्यांच्या हेरकथांमधला साहेब लोकांविषयीचा सगळा सूर याच दारातून आलेला आहे असे माझे मत आहे.

त्यांची आई ज्या घरी मेजवानीच्या प्रसंगी स्वयंपाक करीत असे त्यांपैकी एक घर होते ॲना वोल्कॉफ या बाईंचे. ॲनाचे वडील झारच्या नौदलाचे लंडनमधले प्रतिनिधी होते. रशियात क्रांती झाली, परतीचे दोर कापले गेले आणि या कुटुंबाने साउथ केन्सिंग्टनमध्ये ‘रशियन टी रूम्स’ नावाचे एक उपाहारगृह चालवले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर हे उपाहारगृह नाझींविषयी सहानुभूती असलेल्या मंडळींच्या उठण्याबसण्याची जागा झाले, आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याने आपली माणसे तेथे चहा प्यायला पाठवायला सुरुवात केली. अमेरिकी वकिलातीतला टायलर केंट हा सांकेतिक संदेशांचे काम करणारा कारकून चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यातल्या गुप्त पत्रव्यवहाराच्या प्रती बाहेर काढत होता आणि त्या ॲनाच्या हाती पडत होत्या. मे १९४० मध्ये दोघांनाही अटक झाली; पुढे ॲनाला दहा आणि केंटला सात वर्षांची शिक्षा झाली.

ॲनाला पोलीस घेऊन गेले ते अकरा वर्षांच्या लेनने पाहिले. आपण पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती हेरकथाच झाली याचे एक मोठे कारण ही अटक होती, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. या प्रसंगाची मी अनेकदा कल्पना करून पाहिली आहे. आई ज्या घरचा पाहुणचार रांधत होती, त्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती काय बोलले जात होते हे तिला ठाऊक नव्हते. ताट कसे वाढायचे ते तिला माहीत होते. पाहुणे का जमले आहेत ते माहीत नव्हते. ‘कसे’ आणि ‘का’ यांच्यात डेटन यांच्या कथांमध्ये नेहमी जे अंतर दिसते, ते मला त्या स्वयंपाकिणीच्या जागेवरून पाहिल्यासारखे वाटते.

अन्नाच्या बाबतीतही तो काळ साधा नव्हता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि जुलै १९५४ मध्ये मांसावरचे निर्बंध उठेपर्यंत, म्हणजे साडेचौदा वर्षे, ते या ना त्या स्वरूपात चालू राहिले. दर माणशी आठवड्याला दोन औंस लोणी, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास, आणि एक ताजे अंडे, असे प्रमाण युद्धकाळात बराच काळ होते. युद्धात मोकळा असलेला पाव युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात, शिधापत्रिकेवर गेला. ऑलिव्हचे तेल औषधाच्या दुकानात लहानशा बाटलीत, कानात घालण्यासाठी मिळत असे. पुरवठा सुधारला तरी एका सबंध पिढीच्या हातातून रांधण्याची हौस गेली होती. डेटन यांचे अकरा ते पंचवीस हे वय नेमके या काळात गेले.

सक्तीच्या लष्करी सेवेत ते हवाई दलात छायाचित्रकार होते आणि तपास शाखेसाठी गुन्ह्यांच्या जागांची छायाचित्रे घेत. नंतर सेंट मार्टिन्स कलाशाळा आणि तेथून रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. शिकत असताना पोटासाठी ते उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत काम करीत. टेम्सच्या काठी १९५१ मध्ये उघडलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मुदपाकखान्यात त्यांनी पेस्ट्री करणाऱ्यांच्या हाताखाली काम केले. पुढे काही काळ ते विमानात प्रवाशांची सरबराई करणारे कर्मचारी होते आणि मग जाहिराती आणि पुस्तकांची मुखपृष्ठे काढणारे चित्रकार. या सर्व नोकऱ्यांत एक गोष्ट समान आहे. छायाचित्रकार असो, आचारी असो की चित्रकार, हाताने नेमके काय करायचे हे त्याला ठाऊक असावे लागते आणि ते चुकले तर लगेच दिसते.

आता डेटन यांनी काढलेल्या चित्रमय पाककृतींकडे येतो, ज्यांना इंग्रजीत ‘कुकस्ट्रिप’ हे नाव पडले. त्यांचा उगम मला फार आवडतो. चांगली पाकपुस्तके महाग होती आणि ती स्वयंपाकघरात नेली की तेलातुपाचे हात लागून खराब होत. म्हणून डेटन पुस्तक बाहेरच ठेवत आणि लागणारी कृती एका कागदावर उतरवून तेवढा कागद आत नेत. ते चित्रकार असल्यामुळे ‘तीन अंडी’ असे लिहिण्यापेक्षा तीन अंडी काढणे त्यांना सोपे जाई. कलाशाळेपासूनचे त्यांचे मित्र रेमंड हॉकी, जे पुढे वृत्तपत्रांच्या मांडणीत मोठे नाव झाले, यांनी हे कागद पाहिले आणि चौकटी आखून हे छापता येईल असे सुचवले. १९६२ पासून चारएक वर्षे ‘द ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्रात या चित्रपाककृती येत राहिल्या.

त्यातले एक पान डोळ्यांसमोर आणा. काळ्या शाईच्या जाड रेघांच्या चौकटी, आत पातेले, सुरी, कांदा, मापाचा पेला यांची ठळक रेखाचित्रे, एका चौकटीतून दुसरीकडे नेणारे बाण, आणि मोजक्या शब्दांतली मोठी अक्षरे. वेळ मिनिटांत, माप औंसांत. हे पान ओट्यासमोर भिंतीवर चिकटवले की पिठाने भरलेल्या हातांनीही वाचता येते, कारण पान उलटावे लागत नाही. कोठेही विशेषणांची उधळण नाही, आजीच्या आठवणी नाहीत, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या संध्याकाळचे वर्णन नाही. त्याच काळात एलिझाबेथ डेव्हिड यांनी भूमध्य समुद्राकाठच्या खाण्यावर अतिशय सुंदर गद्य लिहिले होते आणि इंग्रज वाचकाच्या मनात लिंबू, तुळस आणि ऑलिव्ह यांची भूक जागवली होती. भूक जागवण्याचे काम त्यांनी केले. भूक लागलेल्या अडाणी माणसाच्या हातात सुरी कशी धरायची ते देण्याचे काम डेटन यांनी केले. दोन्ही कामे मोठी आहेत.

या चित्रपाककृतींची एक पुस्तिका माझ्याकडे आहे. मी मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा आम्ही तिघे गिरगावात एका खोलीत राहत होतो आणि दोन्ही वेळा खाणावळीत जेवत होतो. फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना पेंग्विनने १९६५ मध्ये काढलेले ‘ऊ ए ल गार्लिक’ हाती लागले. शीर्षकाचा अर्थ ‘लसूण कुठे आहे?’ असा आहे, मात्र प्रश्न फ्रेंच भाषेत आणि त्यातला लसूण इंग्रजी भाषेत. लसूण कुठे आहे हा प्रश्न ज्या घरात खोबऱ्याची चटणी केली जाते तेथे कोणाला पडणार नाही, पण १९६५ च्या इंग्लंडात तो खराच होता. त्या प्रतीच्या एका पानावर तर्जनीएवढा पिवळट डाग आहे आणि प्रकाशासमोर धरले की त्यातून मागच्या पानावरची चौकट दिसते. आधीच्या मालकाने ते पुस्तक शेगडीजवळ नेले होते. मीही नेले. आमच्याकडे वातीचा रॉकेलचा स्टोव्ह आणि दोन पातेली होती, लोण्याऐवजी गोडेतेल होते, आणि त्या पुस्तकातला जवळजवळ कोणताही पदार्थ आम्हाला जसाच्या तसा करता येणे शक्य नव्हते. तरी पण त्या चौकटींनी मला एक धीर दिला. पदार्थ म्हणजे एकामागून एक करायच्या सहा-सात साध्या गोष्टी आहेत, हे मला प्रथम तेथे दिसले. त्या वर्षाच्या अखेरीस आम्ही रात्रीची खाणावळ सोडली आणि खोलीवर वरण-भात आणि एक भाजी करू लागलो.

आमच्या मावशीला मी पत्राने रश्श्याची कृती विचारली होती. तिने लिहिले होते, “मसाला तेल सुटेपर्यंत परत. किती वेळ ते विचारू नकोस, तेल सुटलं की तुला दिसेल.” या वाक्याचा मी पुढे फार विचार केला. ‘तेल सुटेपर्यंत’ ही आपल्या स्वयंपाकातली एक खूण आहे. तेल का सुटते, मसाल्यातले पाणी उडून गेल्यावर काय होते, हे मावशीने सांगितले नाही आणि मलाही त्या क्षणी त्याची गरज नव्हती. मी कढईकडे टक लावून उभा राहिलो. काय दिसायला हवे ते मला माहीत होते, केव्हा दिसेल ते माहीत नव्हते. रहस्यकथा वाचणाऱ्याची अवस्था यापेक्षा वेगळी काय असते?

१९६२ या ज्या वर्षी ऑब्झर्व्हरमध्ये चित्रपाककृती येऊ लागल्या, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये डेटन यांची ‘द इपक्रेस फाइल’ ही पहिली कादंबरी आली. फ्रान्समधल्या दॉर्दोन्य भागात सुटीवर असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती. तिचे मुखपृष्ठ रेमंड हॉकी यांनीच केले आणि ते इंग्रजी पुस्तकांच्या इतिहासात गाजले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे-पांढरे छायाचित्र: एक रिव्हॉल्व्हर, काही गोळ्या, आणि कार्यालयाच्या उपाहारगृहातला एक साधा कप, ज्याच्या बशीत विझवलेली सिगारेट आहे. हत्यार आणि कपबशी एकाच टेबलावर ठेवण्याची ती कल्पना डेटन यांच्या सगळ्या लेखनाचे चित्र आहे.

या कादंबरीचा नायक स्वतःच आपली हकीकत सांगतो आणि शेवटपर्यंत त्याचे नाव आपल्याला कळत नाही. सरकारी खात्यात तो हेर आहे, थकलेला पगार आणि भत्ते मिळावेत म्हणून तो अर्ज करीत असतो, वरच्या वर्गातल्या साहेबांशी त्याचे पटत नाही. कादंबरीत तळटीपा आहेत, परिशिष्टे आहेत, खात्यांची संक्षिप्त नावे आहेत. वाचकाला इतकी माहिती मिळते की आता काही लपलेले असेलच कसे असे त्याला वाटावे. आणि तरीही नेमके चालले आहे काय, ते हातातून निसटत राहते. शीर्षकातल्या ‘इपक्रेस’ या शब्दाचाच अर्थ फार उशिरा उलगडतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी तो येथे सांगत नाही. लपवण्यासाठी डेटन अंधार करीत नाहीत. ते दिवा लावतात, टेबलावरची प्रत्येक वस्तू दाखवतात, आणि ती वस्तू तेथे का आहे तेवढे सांगत नाहीत.

एका ठिकाणी हा नायक लंडनमधल्या शार्लट स्ट्रीटवरून सोहो या भागाकडे चालत जातो. वाटेत सिगारेटचे पाकीट घेतो, मारिओ आणि फ्रँको यांच्या इटालियन उपाहारगृहात घाईने एक घोट घेतो, एक साप्ताहिक विकत घेतो आणि शेवटी नॉर्मंडीचे लोणी आणि लसूण घातलेले सॉसेज घेतो. ते उपाहारगृह खरोखरच सोहोत होते आणि त्या वेळी नव्याने नावारूपाला आले होते. ज्या देशात आठ वर्षांपूर्वीपर्यंत लोणी मोजून मिळत होते, त्या देशात हा हेर लोणी कोणत्या प्रांताचे आहे ते पाहून घेतो. खरेदीची ही चार-दोन वाक्ये वाचली की त्याचा पगार, त्याचा वर्ग, त्याचा एकटेपणा आणि त्याचा स्वाभिमान हे सर्व आपल्याला कळते, आणि लेखकाने यांतल्या एकाही गोष्टीचे नाव घेतलेले नसते.

रहस्यकथांमध्ये खाणे नवे नव्हते. इयान फ्लेमिंग यांचा जेम्स बाँड उत्तम खातो, पण बहुतेक वेळा ते मागवून. सिमेनाँ यांचा पोलीस अधिकारी मेग्रे चवीने जेवतो. रांधते त्याची पत्नी. रेक्स स्टाउट यांचा खासगी गुप्तहेर नीरो वुल्फ तर खवय्यांचा राजा, पण त्याच्या घरी फ्रिट्झ नावाचा आचारी आहे. डेटन यांचा नायक स्वतः रांधतो, आणि हा फरक मला केवळ स्वभावचित्रणाचा वाटत नाही. मागवणाऱ्याला पदार्थ तयार झालेला दिसतो. रांधणाऱ्याला तो घडताना दिसतो, कच्चा असताना, अर्धा शिजलेला असताना, बिघडण्याच्या बेतात असताना. हेरगिरीचे कामही त्याला तसेच दिसते: कागद, फेऱ्या, वाट पाहणे, थोडे चुकणे आणि सावरणे.

आमलेटाचे उदाहरण घेऊ, कारण पुढे आपल्याला आमलेटाकडेच यायचे आहे. फ्रेंच पद्धतीच्या आमलेटात तवा आधी चांगला तापलेला हवा, लोणी फेसाळले पाहिजे आणि फेस बसू लागला की, ते तांबूस होण्याआधी, फेटलेली अंडी ओतायची. कडेचे मिश्रण मध्ये ओढत राहायचे. सर्व मिळून एक मिनिटभराचे काम. यातला सर्वांत अवघड भाग शेवटचा असतो: वरचा भाग अजून ओलसर, किंचित हलणारा असतानाच ते दुमडून ताटात घ्यायचे. पूर्ण शिजेपर्यंत तव्यावर ठेवले तर ताटात येईपर्यंत ते रबरासारखे होते, कारण उतरवल्यावरही आतल्या उष्णतेवर ते शिजत राहते. डेटन यांचे अध्याय असेच उतरवलेले असतात. संभाषण पूर्ण होण्याच्या थोडे आधी, कोणी उत्तर देण्याच्या थोडे आधी, अध्याय संपतो आणि उरलेले वाचकाच्या डोक्यात शिजते. पुष्कळ रहस्यकथाकार अध्यायाच्या शेवटी दार वाजवतात, बंदूक रोखतात, किंकाळी ऐकवतात. तो मोठ्या आचेचा प्रकार झाला. डेटन यांना आच कमी करून वेळेवर उतरवणे येत होते, आणि हे ते वहीतून शिकले नसावेत, शेगडीवर शिकले असावेत असे मला वाटते.

पहिल्या कादंबरीचे यश पाहून पुढे ‘हॉर्स अंडर वॉटर’, ‘फ्युनरल इन बर्लिन’ आणि ‘बिलियन-डॉलर ब्रेन’ या कादंबऱ्या आल्या. १९६५ हे वर्ष त्यांच्या दोन्ही कामांचे शिखर म्हणता येईल. त्या वर्षी ‘ॲक्शन कुक बुक’ आणि माझ्याकडची ती लसणाची पुस्तिका अशी दोन पाकपुस्तके निघाली आणि ‘द इपक्रेस फाइल’वरचा चित्रपटही आला. पुढे १९८९ मध्येही त्यांनी फ्रेंच खाद्यपदार्थांचा वर्णक्रमाने परिचय करून देणारे पुस्तक लिहिले. म्हणजे स्वयंपाक ही त्यांच्या तरुणपणातली पोट भरण्याची सोय नव्हती, बर्लिनवरच्या मोठ्या कादंबऱ्या लिहून झाल्यावरही ते तेथे परत आले.

‘बॉम्बर’ या १९७० च्या कादंबरीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, जरी ती हेरकथा नाही. जर्मनीवर झालेल्या एका हवाई हल्ल्याची ही कथा चोवीस तासांत घडते. विमानाचे भाग, रडारची यंत्रणा, बॉम्बची रचना, आगीशी झुंजणाऱ्यांची साधने या सर्वांचे वर्णन इतके काटेकोर आहे की हा हल्ला इतिहासात शोधावा असे वाटते. त्यासाठी तारीख पाहावी, तर ती आहे ३१ जून १९४३. जून महिन्याला एकतिसावा दिवस नसतो. साहित्य सगळे खरे, माप सगळे खरे, आणि पदार्थ लेखकाने स्वतः केलेला, हे त्या एका तारखेत त्यांनी वाचकाला प्रामाणिकपणे सांगून टाकले आहे. या प्रचंड मजकुराची पुनःपुन्हा मांडणी करता यावी म्हणून त्यांनी आयबीएमचे चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे टंकनयंत्र भाड्याने घेतले होते. सुमारे नव्वद किलोंचे ते यंत्र घरात घेण्यासाठी लंडनमधल्या त्यांच्या घराची खिडकी काढावी लागली. शब्दसंस्कारकाच्या, म्हणजे वर्ड प्रोसेसरच्या, मदतीने लिहिली गेलेली पहिली कादंबरी म्हणून ‘बॉम्बर’चे नाव घेतले जाते. चांगला आचारी आपल्या सुरीविषयी जसा आग्रही असतो तसे ते आपल्या अवजारांविषयी आग्रही होते.

आता शेवटी त्या चित्रपटाकडे. सिडनी फ्युरी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द इपक्रेस फाइल’मध्ये निनावी नायकाला हॅरी पामर हे नाव मिळाले आणि मायकेल केन यांनी ती भूमिका केली. निर्माते हॅरी सॉल्ट्झमन हे बाँडच्या चित्रपटांचेही एक निर्माते होते, आणि तरीही चित्रपटात नायकाची पहिली भेट कोणत्याही पाठलागात होत नाही. नायक अंथरुणातून उठतो, चाचपडत चष्मा शोधतो, आणि कॉफीच्या बिया दळून स्वतःसाठी कॉफी करतो. पुढे एका प्रसंगात त्याचा साहेब त्याला गुप्त कामासंबंधी बोलण्यासाठी भेटतो, ते सुपरमार्केटमध्ये. दोघे हातगाड्या ढकलत फिरत असतात, आणि पामर निवडतो तो अळिंबीचा फ्रेंच डबा पाहून साहेब म्हणतो की तू नावाचे जास्त पैसे देतो आहेस. पामर त्याला सांगतो की चवही खरोखर चांगली आहे. देशाच्या सुरक्षिततेची चर्चा आणि डब्याच्या किमतीची चर्चा एकाच श्वासात चालते, आणि दोघांतला वर्गाचा फरक डब्याच्या निमित्ताने जितका उघडा पडतो तितका कामाच्या बोलण्यात पडत नाही.

मग तो प्रसंग येतो ज्यात पामर एका सहकारी स्त्रीसाठी आपल्या लहानशा घरात आमलेट करतो. ती स्त्री त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेली आहे की नाही, हे त्याला पक्के ठाऊक नाही, आणि तिच्याशी बोलत असताना त्याचे हात काम करीत राहतात. त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेले कागद लावलेले दिसतात. ते डेटन यांच्याच चित्रपाककृतींचे कागद आहेत. त्या काळच्या प्रेक्षकांपुढे नायक स्वयंपाक करताना दाखवणे धोक्याचे वाटत होते, पुरुषाला ते शोभेल का अशी शंका होती. पण केन यांच्या हातून ते इतके सहज झाले आहे की पाहणाऱ्याला ते आकर्षकच वाटते. अंडी फोडण्याचा क्षण मात्र केन यांना साधत नव्हता. अंडे एकाच हाताने, कवचाचा कण न पडता भांड्यात फोडणे हे सरावाचे काम आहे. अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये अंडे धरून कडेवर एक नेमका ठोका द्यायचा आणि त्याच क्षणी बोटे फाकवायची. म्हणून त्या क्षणापुरता कॅमेरा हातांच्या अगदी जवळ जातो आणि चेहरा चौकटीबाहेर राहतो. पडद्यावर दिसणारे ते हात लेन डेटन यांचे आहेत.